राजीनामा पर्समध्ये, बातमी पोलादपुरात

राजीनाम्याचा कागद अजून पर्समध्येच होता, त्यावर सहीसुद्धा व्हायची होती, आणि पोलादपूरहून एका आईचा फोन आला. "ताई, तुम्ही क्लास सोडताय म्हणे? मग आमच्या पोरीचं काय?" मी घरात नवऱ्याखेरीज कोणाला बोलले नव्हते. माग काढला तो असा निघाला: नव्या शाळेच्या शिपायाने माझ्या बी.पी.एड.च्या प्रमाणपत्राची झेरॉक्स काढून आणली, झेरॉक्सच्या दुकानातल्या बाईंची भाची आमच्याकडे कोलांट्या शिकायला येते, आणि त्या भाचीची मैत्रीण पोलादपूरहून एसटीने येते. महाड ते पोलादपूर १८-२० किलोमीटर. एसटीला लागतो त्यापेक्षा बातमीला कमी वेळ लागला.

मुलांचा जिम्नॅस्टिक्सचा क्लास सोडणं हा बाहेरून बघणाऱ्याला दोन ओळींचा मामला वाटतो. महिन्याची नोटीस, किल्ल्या परत, नमस्कार. आत काय चालतं ते पालकांना कळत नाही, कारण ते जाळीच्या पलीकडे बाकड्यावर, मोबाईलमध्ये मान घालून बसलेले असतात. जाळीच्या अलीकडचे हे काही किस्से. क्लासचं नाव सांगणार नाही. मालकांशी माझं भांडण नव्हतं, आणि असतं तरी इथे काढलं नसतं.

फोन ठेवला आणि त्याच संध्याकाळी, मुलं यायच्या आधी, मालकांना गाठलं. सर चहा पीत होते. कागद वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पहिला प्रश्न टाकला, "किती पोरं नेणार?"

कधी जाणार, कुठे जाणार, हे सगळं नंतर. मी सांगितलं की मला शाळेत क्रीडा शिक्षिकेची नोकरी लागलीय, क्लास काढायचा नाही. विश्वास बसला नाही ते चेहऱ्यावर दिसत होतं. राग आला मला, पण त्यांच्या बाजूने बघितलं तर तो प्रश्न खोटा नव्हता. तालुक्याच्या गावात अशा क्लासचा सगळा डोलारा साठ-सत्तर मुलांच्या फीवर उभा असतो. हॉलचं भाडं त्यातूनच, मदतनिसाचा पगार त्यातूनच, दर पावसाळ्यात मॅटला बुरशी येते तिचा खर्चही त्यातूनच. शिकवणारी गेली आणि तिच्या मागे पंधरा मुलं उठली, की दिवाळीपर्यंत टाळं.

या भीतीपोटी काही मालक रुजू होतानाच सही घेऊन ठेवतात: सोडल्यावर दोन वर्षं तालुक्यात दुसरा क्लास काढणार नाही, शिकवणार नाही. विशी-बाविशीतली पोरं घाबरून सही करतात आणि मग मला विचारतात, "ताई, आता काय?" आता काही नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, त्याच्या कलम २७ नुसार कोणाच्या धंद्याची वा पेशाची वाट अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. नोकरीत असताना दुसरीकडे शिकवू नको ही अट चालते. नोकरी संपल्यावरही शिकवू नको ही सहसा टिकत नाही. खेळातलंच उदाहरण हवं तर आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं आहे. त्याच्या जाहिरातींचं काम बघणाऱ्या परसेप्ट डीमार्क कंपनीचा करार संपला, तरी पुढचा करार करण्याआधी आम्हाला पहिली संधी द्यायलाच हवी असं कंपनी म्हणत होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. मुदत संपली की बंधन संपलं.

तेव्हा कायद्याने मला मोकळीक होती. पण हजेरीचं रजिस्टर ही वेगळी गोष्ट. त्यात मुलांच्या जन्मतारखा, रक्तगट, आईवडिलांचे नंबर, कोणाला कशाची अ‍ॅलर्जी हे सगळं असतं, आणि पालकांनी ते क्लासला विश्वासाने दिलेलं असतं. सोडून जाणारा माणूस शेवटच्या आठवड्यात दिवे मालवायच्या निमित्ताने थांबतो आणि रजिस्टरच्या पानांचे फोटो काढतो, हा आमच्या धंद्यातला जुना खेळ आहे. महिनाभरात पालकांना 'उन्हाळी शिबिर, पहिल्या वीस जणांना सवलत' असा मेसेज जातो आणि सगळ्या गावाला कळतं नंबर कुठून आले. मी माझ्या फोनमधले क्लासचे नंबर मालकांसमोर बसून काढून टाकले. त्यांनी मागितलं नव्हतं. पण त्यानंतर त्यांनी मला चहा विचारला.

शाळेत जाणाऱ्या शिक्षकाला तर आणखी एक मोह असतो, जो पालकांच्या लक्षातच येत नाही. शालेय क्रीडा स्पर्धेत मूल क्लासचं नसतं, शाळेचं असतं. चौदा वर्षांखालची एखादी मुलगी अलिबागला जिल्ह्यावर, तिथून मुंबई विभागावर आणि पुढे राज्यावर गेली तर नाव शाळेचं लागतं. दहावीला वाढीव गुण मिळतात ते मुलीला, पण फलकावर फोटो मुख्याध्यापकांसोबत क्रीडा शिक्षिकेचाही असतो. रुजू व्हायच्या आधीच मला सुचवण्यात आलं, "तुमच्या दोन-तीन चांगल्या मुली इकडे प्रवेश घेतील का बघा." मी म्हटलं, शाळेतल्या पाचवीच्या वर्गापासून सुरुवात करते. हे ऐकून समोरच्यांना आनंद झाला असं काही म्हणता येणार नाही.

सोडायचं कधी, यात माझा निर्णय पक्का होता: परीक्षा संपल्यावर आणि उन्हाळी शिबिराच्या आधी. पावसाळ्यात सोडणं म्हणजे मुलांना वाऱ्यावर सोडणं. जुलैत महाडात कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं, सावित्रीचं पाणी कुठवर आलं एवढंच बोलणं. पाऊस ओसरतो न ओसरतो तोच शालेय स्पर्धा येतात. ऐन तेव्हा शिकवणारा बदलला की मुलं बसवलेला संच विसरतात, नव्या माणसाला नवा संच बसवायला वेळ नसतो, आणि घाईत जोडउड्या मारताना मनगटं जातात.

कोणाला कधी सांगायचं याचाही क्रम असतो. मालक, मग सोबतचे शिक्षक, मग पालक, शेवटी मुलं. आमच्या बाबतीत झेरॉक्समुळे क्रम बिघडला होता, तरी पालकांना मालकांच्या शेजारी उभं राहूनच सांगितलं. मुलांना सांगायचं ते तासाच्या शेवटी, अंग सैल करून मुलं मॅटवर पसरलेली असताना. सुरुवातीला सांगून रडवेल्या मुलाला बीमवर चढवणारा शिक्षक माझ्या लेखी शिक्षक नाही. मी चांगलं भाषण ठरवून गेले होते. दोन वाक्यं झाली आणि सहा वर्षांच्या एकाने विचारलं, "मग स्टिकर कोण देणार?" माझ्या जागी येणारे नवे सर देणार म्हटल्यावर तो निश्चिंत झाला. मोठ्या मुली मात्र गप्प होत्या. त्यांच्याशी मी एकेकीशी वेगळं बोलले.

याच्या अगदी उलट प्रकार आमच्या ओळखीतल्या एका शिक्षकाचा. त्याने नोटीस दिली आणि त्याच्या मालकांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मुलांना काय सांगायचं? तर सर आजारी आहेत. मुलं बिचारी भाबडी. त्यांनी कार्डं रंगवली, 'लवकर बरे व्हा', त्यावर मारुती, त्यावर सरांचं चित्र. आठवड्याभराने त्यातला एक मुलगा आईसोबत एसटी स्टँडवर उतरला, तर सर समोर वडापाव खातायत. मुलगा धावत गेला आणि म्हणाला, "सर, बरं वाटतंय का?" सरांना काय उत्तर द्यावं सुचेना. तो मुलगा नंतर क्लासला गेलाच नाही. त्याच्या आईने कारण सांगितलं ते मला फार योग्य वाटलं: "इथे पोरांशी खोटं बोलतात."

आणि तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप! पूर्वी क्लास सोडणाऱ्याला दाराबाहेर पडावं लागायचं, आता ग्रुपमधून पडावं लागतं. एकाने रात्री अकराला, काही न लिहिता ग्रुप सोडला. 'बाहेर पडले' एवढी राखाडी ओळ दिसली आणि पहाटेपर्यंत ऐंशी मेसेज. पगार थकला, भांडण झालं, कोणाला तरी लागलं, सगळ्या अफवा. खरं कारण इतकंच होतं की त्याला पुण्यात काम मिळालं होतं. मी आधी नव्या सरांना अ‍ॅडमिन केलं, त्यांची ओळख करून दिली, दोन दिवस थांबले, पालकांच्या प्रश्नांना ते उत्तरं द्यायला लागल्यावर दुपारच्या वेळी बाहेर पडले. एका आजोबांनी तरी हात जोडल्याचं चित्र टाकलंच.

सामानाच्या भांडणांवर तर स्वतंत्र लेख होईल. एकच सांगते. २२ जुलै २०२१ ला महाडात पाणी शिरलं तेव्हा अनेक इमारतींचे तळमजले बुडाले. तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी इथे दरडींखाली माणसं गेली होती, त्या दिवसांत मॅटबद्दल बोलायचीही लाज वाटावी. पण पुराचं पाणी प्यालेली स्पंजची मॅट चौघांना उचलत नाही, आणि उन्हात कितीही वाळवली तरी आत चिखल राहतोच. आमच्या भागातल्या एका क्लासला मग बाहेरगावच्या एका शिक्षकांच्या ओळखीने दोन लांब मॅट भेट मिळाल्या, वेल्क्रोने जोडल्या की एक सलग पट्टी व्हायची. पुढे ते शिक्षक सोडून गेले तेव्हा म्हणाले, माझ्या शब्दावर आल्या, माझ्या. मालक म्हणाले, क्लासला आल्या, क्लासच्या. शेवटी मध्यस्थांनी निवाडा केला, एकेक घ्या. आता दोन्हीकडे अर्धीच पट्टी आहे आणि दोन्हीकडची मुलं तीन उड्यांची मालिका दोन उड्यांवर थांबवतात. भेट येतानाच कोणाच्या नावे आली हे वहीत एका ओळीत लिहिलं असतं तर मध्यस्थांचं जेवण वाचलं असतं.

पण किल्ल्या, मॅट, रजिस्टर हे देऊन टाकता येतं. जे सहज देता येत नाही त्याला क्लासमध्ये आम्ही सपोर्ट म्हणतो.

फ्लिक शिकवताना मूल मागे उडी मारतं, हातांवर जातं आणि पायांवर येतं. उडी सुटते त्या क्षणी त्याला काहीच दिसत नाही. माझा एक हात त्याच्या कमरेच्या खोलगटात असतो, दुसरा मांडीच्या मागे. मूल उडतं ते त्या दोन हातांच्या भरवशावर, आणि ते हात त्याला पाठीने ओळखता येतात. आता उद्या तिथे दुसरे हात येणार. नवे सर मल्लखांबातले, तेलाने घोटलेल्या खांबावर वाढलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी साधी अढी मारून दाखवली आणि मुलं गार पडली. पण खांब तुम्हाला घाबरत नाही, मूल घाबरतं. ते कुठे घाबरतं हे माझ्या हातांना माहीत होतं, त्यांच्या हातांना नव्हतं.

म्हणून मी वही केली. एका पानावर एक मूल. काय येतं ते वर, दोन ओळींत. ते कोणीही बघून ओळखेल. खाली बाकीचं. 'उडायच्या आधी डाव्या खांद्यावरून मागे बघते. बघितलं की उडी फसते. मोजणी पुन्हा सुरू करा.' 'तीन म्हणायच्या आत, दोनलाच सुटतो. हात दोनला तयार.' 'बीमवरून पडली होती. विचारू नका, मनात आलं की स्वतःच सांगते.' 'डावं मनगट, गेल्या पावसाळ्यात प्लास्टर. हातांवर उभं राहणं रोज थोडंच.' 'दमा. पंप दप्तराच्या पुढच्या कप्प्यात, आईला वाटतं मधल्या.' 'सहा महिन्यांत ताडमाड वाढली, येणाऱ्या उड्या बिघडल्यात. आळशी नाही, रागावू नका.' हा शेवटचा शेरा अकरा-बारा वर्षांच्या बऱ्याच मुलींच्या पानावर होता. या वयात हाडं आधी वाढतात, उडीचा अंदाज मागून येतो, आणि काल जमणारी गोष्ट आज का जमत नाही हे मुलीला कळत नाही. नव्या माणसाने नेमकं तेव्हा ओरडावं आणि मुलीने खेळ सोडावा, असं फार वेळा होतं.

वहीने भागत नाही, म्हणून पंधरा दिवस दोघांनी मिळून शिकवायचं ठरलं. मालक कळवळले, "दोन पगार?" मी म्हटलं, गळणाऱ्या मुलांची फी मोजा. त्यांनी मोजली असावी, कारण दुसऱ्या दिवशी होकार आला. पहिले काही दिवस सर नुसते बघत उभे. मग ते उजवीकडे, मी डावीकडे. मग माझा मांडीमागचा हात निघाला, तिथे त्यांचा गेला. कमरेचा हात सगळ्यात शेवटी. मुलींना आम्ही लपवलं काही नाही, पण मोठा गाजावाजाही केला नाही. एक जण उडी मारून उभी राहिली आणि म्हणाली, "आज कोणी पकडलं?" सरांनी, म्हटलं. तिने सरांकडे खालून वर बघितलं. "तरीच. तुमचे हात गार असतात." आणि पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

जाळीपलीकडे मात्र कुजबुज होती. मुलींना पुरुष शिक्षक सपोर्ट देणार, हे काही आयांना रुचत नव्हतं, आणि त्यांनी तसं विचारावं यात गैर काही नाही. आम्ही त्यांना आत बोलावलं. कोणत्या उडीला हात कुठे असतो, कुठे कधीच नसतो, हे करून दाखवलं. दार उघडं, जाळी मोकळी, आणि मदतनीस ताई कायम हॉलमध्ये. नव्या सरांनाही ते हवंच होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चांगुलपणाने निरोप घ्यायचा म्हणजे तोंड बंद ठेवायचं असं काही जण समजतात. मूल असुरक्षित आहे असं दिसलं आणि त्यामुळे सोडून जायची वेळ आली, तर गोड राजीनामा लिहून निघून जाणं हा गुन्हा ठरू शकतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाला किंवा होण्याची शक्यता आहे असं कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर हॉलच्या भिंतीवर असावा. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्सच्या संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्या खटल्यात जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक जणी न्यायालयात उभ्या राहून बोलल्या. त्याआधी वर्षानुवर्षं मुलींनी तक्रारी केल्या होत्या. मोठ्यांनी त्या दाबल्या.

जगभरातल्या सोडून जाण्याच्या दोन गोष्टी मी नव्या शिक्षकांना नेहमी सांगते. नादिया कोमानेचीचे प्रशिक्षक बेला आणि मार्ता कारोली १९८१ मध्ये रुमानियाचा संघ घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले आणि परतलेच नाहीत. मुली प्रशिक्षकांशिवाय मायदेशी गेल्या. कारोलींची स्वतःची लहान मुलगीसुद्धा रुमानियात राहिली होती, इतकी ती राजवट माणसाला कोंडणारी होती. तिथे नोटीस कोणाला द्यायची? त्यांना दोष देणं सोपं आहे, मी देत नाही. दुसरी गोष्ट एमी बूरमनची. सिमोन बाइल्स लहान असल्यापासून तिने शिकवलं, २०१६ ला रिओत सिमोनला चार सुवर्णपदकं मिळाली, आणि त्यानंतर बूरमन फ्लोरिडात दुसऱ्या कामावर गेली. सिमोन पुन्हा सरावाला उभी राहिली ती लॉरां आणि सेसील लांदी या नवरा-बायकोकडे, आणि पुढे त्यांच्या हाताखालीही जिंकतच राहिली. ज्या मुलीचा पाया नीट घातलाय ती दुसऱ्याच्या हातातही उडते. पहिल्या प्रशिक्षकाला हे सुखाचं वाटतं की दुःखाचं, ते त्याने आपल्या घरी ठरवावं.

मुलंही सोडून जातातच की. एमआयडीसीत वडिलांची बदली झाली की अर्ध्या वर्षात नाव कमी होतं. पोलादपूरची निम्मी घरं मुंबईशी बांधलेली, आठवीला मुलगा काकाकडे जातो. जिल्हा बदलला की बहुतेक खेळांत जुन्या जिल्हा संघटनेचा ना-हरकत दाखला लागतो, आणि तो आठवतो नोंदणीच्या शेवटच्या दिवशी. त्या बाबतीत तरी क्लासवाल्यांनी हात आखडू नये. दाखला अडवून मूल परत येत नाही, तेवढा त्याचा एक हंगाम जातो. आमच्याकडचा एक मुलगा दादरला गेला तेव्हा मी त्याच्या वडिलांना शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचा पत्ता दिला. १९२५ पासून चालू असलेली संस्था, आणि उदय देशपांडे सर तिथे लहानपणापासून. मल्लखांबासाठी २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एकाच आखाड्यात अख्खा जन्म काढणारी अशीही माणसं असतात, म्हणून आम्हा सोडणाऱ्यांचं फावतं.

शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि त्या पोलादपूरच्या आईचा पुन्हा फोन. नवे सर चांगले आहेत, पण जरा कडक आहेत, मुलीला तुमची सवय. "ताई, रविवारी तुमच्या घरी शिकवाल का? फी द्यायला आम्ही नाय म्हणणार नाय."

"घरी मॅट नाही, वर पंखा आहे," मी म्हटलं. "आणि कडक म्हणजे काय करतात?"

"तीनदा करून दाखवल्याशिवाय सोडत नाहीत."

"मग बरोबर करतात. सरांशी बोललात का तुम्ही?"

नव्हत्या बोलल्या. जरा थांबून म्हणाल्या, "निदान दिवाळीच्या सुट्टीत?"

"दिवाळीत सरांचं शिबिर आहे. नाव आत्ताच देऊन ठेवा, जागा भरतात. आणि येताना दप्तराच्या पुढच्या कप्प्यात पंप आहे का तेवढं बघा."

"मधल्या कप्प्यात असतो ना?" त्या म्हणाल्या.

"पुढच्या," मी म्हटलं. "सरांच्या वहीत लिहिलंय."